रडणं म्हणजे अविश्वास नव्हे

मयताच्या घरी गेलं की आपल्या तोंडून काही ठरलेली वाक्यं निघतात. 'देवाची इच्छा!' 'देवाला आवडला.' 'आता रडू नकोस, मुलांकडे बघ.' बोलणारीचा हेतू वाईट नसतो. काय बोलावं ते सुचत नाही आणि गप्प बसणंही जड जातं, म्हणून आपण बोलतो. आम्हा ख्रिस्ती घरांमध्ये त्यात आणखी एका वाक्याची भर पडते, 'तू विश्वासणारी आहेस ना? मग आभार मान.' म्हणजे दुःख आहेच, वर रडल्याचा अपराधही तिच्याच माथी!

बचत गटांच्या कामानिमित्त माझं शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाणं-येणं असतं. मुरबाडकडच्या एका पाड्यावर आवणीच्या दिवसांत एका तरुण आईचा मुलगा साप चावून गेला. लेकरू जमिनीवर झोपलं होतं. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, सूजही दिसत नाही, त्यामुळे कळायलाच उशीर होतो. त्यात पाड्याला रस्ता नाही. झोळी करून डांबरीपर्यंत आणलं, गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्या रविवारी घरगुती प्रार्थनेला ती आली. सगळ्यांनी आभार मानले आणि तिची पाळी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "देवाला माझंच पोर दिसलं का?" एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला लगेच थांबवलं, "असं बोलू नये, पाप लागतं." त्यानंतर कित्येक महिने ती प्रार्थनेला फिरकली नाही.

मैत्रिणींनो, खरंच पाप लागतं का? पवित्र शास्त्र उघडून बघा. मूल नाही म्हणून टोमणे खाणारी हन्ना मंदिरात ढसाढसा रडते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यायलेली आहे! ती त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगते की, मी देवापुढे मन मोकळं करते आहे. नवरा आणि दोन कर्ते मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेली नामी गावच्या बायकांना सांगते की, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनोरम आणि मारा म्हणजे कडू. देवानेच आपलं आयुष्य कडू केलं, असं ती भर गावात बोलते. लाजराची बहीण मार्था तर प्रभू येशूला तोंडावरच सुनावते की, तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ गेला नसता. येशू तिच्यावर रागावत नाही. थोड्याच वेळात तो स्वतःही रडतो.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. ती सगळी स्तुतीचीच, असा आपला समज असतो. पण त्यातली कितीतरी चक्क तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं आहे आणि 'आणखी किती दिवस' हा प्रश्न त्यात सुरुवातीलाच चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, देवाने आपल्याला का टाकलं हा सवाल, तोच वधस्तंभावर येशूच्या तोंडी आला. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याने हा प्रश्न विचारला, मग आपल्या बहिणीने विचारला तर तो अविश्वास कसा?

ईयोबाची गोष्ट तर प्रत्येक सांत्वन करणारीने वाचावी. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेल्यावर त्याचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी मुकाट बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं! मग त्यांनी उपदेश सुरू केला आणि शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या उपदेशकांवर.

आपल्या मराठी मातीतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमाही गेली. अशा बाईने केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. ती विलापाची स्तोत्रं त्यांच्या हातून किती वेळा गेली असतील! देवाशी भांडणं आपल्याला परकंही नाही. तुकोबांनी विठ्ठलाला काय कमी सुनावलं? जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी दुःखच तर दळलं!

दाबलेला राग कुठेतरी निघतोच. कधी लेकरांच्या पाठीवर, कधी स्वतःच्याच अंगावर. त्यापेक्षा तो देवापुढे गेलेला बरा. पुढे आम्ही दोघी-तिघी त्या आईच्या घरी गेलो. उपदेश केला नाही, तेरावं स्तोत्र वाचलं. ती म्हणाली, "ताई, हे शास्त्रात आहे?" आणि मग मनसोक्त रडली.

आणखी एक. सगळंच देवाच्या माथी मारायचं नसतं. रस्ता नसणं ही देवाची इच्छा नाही. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि आमच्या शहापूरच्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हीदेखील नाही. ३१ जुलै २०२३ च्या रात्री सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. तिथे 'नशीब' म्हणून हात झटकता येतात का? प्रार्थनेत राग स्पष्ट बोलला की त्यातला देवाला विचारायचा किती आणि ग्रामसभेत विचारायचा किती, हे हळूहळू उमगतं. डोळे पुसून रस्त्याच्या अर्जावर अंगठा उमटवणं हाही मला प्रार्थनेचाच पुढचा भाग वाटतो.

म्हणून महिला मंडळांना आणि पाळकांनाही विनंती आहे. आभाराच्या प्रार्थनेबरोबर तक्रारीच्या प्रार्थनेलाही जागा द्या. महिन्यातून एकदा विलापाचं एखादं स्तोत्र वाचा. ज्या घरी नुकतंच कोणी गेलंय तिथल्या बाईला आधी बोलू द्या, तिचं वाक्य मध्येच तोडू नका. तिला चहा करून द्या, पाणी भरून द्या, शेजारी बसा. देव तिचं ऐकायला समर्थ आहे, त्याची बाजू आपण मांडायची गरज नाही!