दिवा रस्त्यावर पडतो की मुलांच्या डोळ्यांवर?



रस्त्याचे नियम शिकवताना आपण मुलांना सांगतो, फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. नियम बरोबरच आहे. पण हिवाळ्यात शिष्यवृत्तीचा जादा तास संपवून साडेसहाला वस्तीकडे निघालेल्या मुलांना समोरची गाडी दिसतच नाही. दिसतात ते फक्त दोन पांढरेशुभ्र गोळे. कडेचा चर कुठे आहे, पुढे उसाची ट्रॉली उभी आहे का, काही कळत नाही. मूल डोळ्यांवर हात धरून थांबतं, नाहीतर अंदाजाने पाय टाकतं.

यावर आपलं ठरलेलं वाक्य असतं, "अप्पर लावून चालवतात मेले!" काही जण चालवतातही. पण नव्या गाड्यांच्या बाबतीत घोळ बऱ्याचदा वेगळा असतो. चालकाने डिपर लावलेला असतो, तरी प्रकाश डोळ्यांवर येतो, कारण दिव्याचा रोखच चुकलेला असतो.

जुन्या हॅलोजन दिव्याचा उजेड पिवळसर. नव्या एलईडीचा पांढरा, निळसर, आणि तो डोळ्याला जास्त टोचतो. त्यात अनेक नव्या दिव्यांच्या झोताला वरून रेघ मारल्यासारखी कड असते. कडेखाली लख्ख उजेड, वर एकदम अंधार. ही कड खाली झुकलेली असेल तर उत्तम सोय. वर उचलली गेली की सगळा लख्ख भाग समोरच्याच्या तोंडावर.

हे गणित मुलांना फळ्यावर घालता येईल असं आहे. उंच गाडीचा दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर धरा. झोत दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरत असेल, तर २५ मीटरवर कड ६५ सेंटिमीटरवर येते, म्हणजे मुलाच्या कमरेपर्यंत. आता रोख सपाटीपेक्षा फक्त एक अंश वर गेला असं समजा. तीच कड जाते सुमारे १.३४ मीटरवर. चौथीतल्या मुलाचा डोळा साधारण १.२ मीटरवर असतो. एक अंश म्हणजे किती, ते कंपासपेटीतला कोनमापक काढून बघा!

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिपवेल असा दिवा नको. चांगला नियम आहे. पण हा डोळा मोठ्या माणसाचा, आणि तोही उजव्या बाजूचा. आपलं मूल उंचीने कमी, आणि आपणच शिकवल्याप्रमाणे चालत असेल तर गाडीच्या डाव्या अंगाला. डिपरचा झोत मुद्दाम डावीकडे थोडा वर उचललेला असतो, कडेने चालणारा दिसावा म्हणून. म्हणजे रोख जरासा चुकला तरी पहिला फटका त्यालाच.

दुचाकीवरून अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात. ताशी ५० किलोमीटरने जाताना तीन सेकंदांत सुमारे ४० मीटर अंतर कापलं जातं, म्हणजे कबड्डीची तीन मैदानं लांबीने, आंधळेपणाने.

कोणी म्हणेल, गावाकडच्या रस्त्याला दिवे नाहीत, मग प्रखर उजेड हवाच की. हवा ना! पण रस्त्यावर हवा. वर गेलेला झोत बाभळीचे शेंडे उजळतो, खड्डा नाही. आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब कोंबला, तर उजेड भलतीकडेच फाकतो, कारण परावर्तकाचा आकार हॅलोजनच्या तारेची जागा धरून ठरवलेला असतो. हा खर्च करून समोरच्याला आंधळं करण्याचा प्रकार मला तरी अजिबात पटत नाही.

मागे चार माणसं आणि पोती भरली की गाडीचं नाक वर होतं, झोतही वर जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. एकटे असाल तर शून्य, मागे वजन वाढेल तसा आकडा वाढवायचा. गाडी विकताना गाण्यांची सिस्टीम हौसेने दाखवतात, हे चाक दाखवताना मी कोणाला पाहिलं नाही.

तेव्हा पालकसभा संध्याकाळची ठेवा आणि चारचाकी असलेल्यांना गाडी घेऊनच बोलवा. सपाट जागेवर गाडी शाळेच्या भिंतीजवळ उभी करायची, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ मारायची, गाडी सरळ ५ मीटर मागे घ्यायची आणि डिपर लावायचा. प्रकाशाची कड रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. डावीकडचा उचललेला भाग सोडून उजवीकडची सपाट कड बघायची. मोजपट्टी मुलांच्या हातात द्या. कड रेघेच्या वर निघाली, तर बापाला गॅरेजला पिटाळायचं काम तीच करतील. तिथे स्क्रू फिरवून रोख खाली घेता येतो.