शर्त कागदावर, टँकर दारात

बांधकाम परवानगी मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं आपण धरून चालतो. पण तो होकार सशर्त असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 नुसार परवानगी विनाअट देता येते, अटी घालून देता येते किंवा नाकारता येते. पार्किंग मोकळं ठेवा, झाडं लावा, पावसाचं पाणी जिरवा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहायला जाऊ नका, अशा त्या अटी असतात. शेजाऱ्याचा आणि शहराचा हक्क त्या अटींतच सांभाळलेला असतो.

पाण्याचंच बघा. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं तर पाऊसपाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय करावी लागते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कातळावरून, उतारावरून बघता बघता खाडीला जाऊन मिळतो. मग उन्हाळ्यात आपण शीळ धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसतो आणि टँकरला फोन करतो. बिल्डरने शोषखड्डा केला नाही, तर खालच्या आळीतल्या विहिरीला त्याची झळ बसते. त्या विहिरीच्या मालकाला कुणी विचारलेलं नसतं.

अट मोडली तर? कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आहे, पण दंड जास्तीत जास्त 5000 रुपये. एका फ्लॅटच्या किमतीपुढे ही रक्कम काय? म्हणून माझ्या मते खरा लगाम एकच, भोगवटा प्रमाणपत्र. अटी पुऱ्या झाल्यात का, हे बघण्याची ती शेवटची संधी. ते नसताना आपण चावी घेतली, की बिल्डरला घाई उरत नाही.

मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते पाडण्याचा आदेश कायम केला. बांधणारे केव्हाच निघून गेले होते, भोगलं राहणाऱ्यांनी.

आपल्याकडे आखातात किंवा जहाजावर आयुष्य घालवून लोक गावी फ्लॅट घेतात. सुट्टी महिन्याभराची, त्यात भाव आणि टाइल्स बघून होतात. परवानगीची प्रत कोण मागतो? ‘शर्त’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. निकाहनाम्यातली शर्त आपण बारकाईने वाचतो आणि मान्य केलेली शर्त पाळणं इमानाचा भाग मानतो. शेजाऱ्याचा हक्क तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे. मग हीच शर्त तेवढी सरकारी कागद कशी ठरते?

फ्लॅट घेण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या परवानग्या बघा, अटी वाचा. भोगवटा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत चावी घेऊ नका. सोसायटी जुनी असेल तर माहितीच्या अधिकारात परवानगीची प्रत मागवा आणि शोषखड्डा कुठे आहे, ते एकदा अंगणात उतरून शोधा.