वृद्धांचे स्नायू आणि शासनाचा तराजू

वृद्धाचे वजन कायम आहे म्हणजे प्रकृती ठीक आहे, हा समज शास्त्राने केव्हाच खोडून काढला आहे. काट्यावरचा आकडा तोच राहतो, आत स्नायू झिजतो आणि त्याची जागा चरबी घेते. या झिजेला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. भारतीय शरीर दिसायला कृश असूनही चरबी बाळगून असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. तेव्हा शरीराची घडण मोजण्यास समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मोजून पुढे काय करायचे, हा.

बायोइलेक्ट्रिकल इंपीडन्सचे यंत्र शरीरातून क्षीण विद्युत्प्रवाह सोडते. पाणी व क्षार असलेल्या स्नायूंतून तो सहज वाहतो, चरबी त्याला अडवते. त्या अवरोधावरून व उंचीवरून गणित मांडून यंत्र आकडे सांगते. म्हणजे ते मोजते पाणी; उरलेले अनुमान! आणि बुलढाणा जिल्ह्याचे दुखणे नेमके पाण्यातच आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी. मूत्रपिंड निकामी होऊन पाय सुजलेल्या वृद्धाची सूज हे यंत्र स्नायू म्हणून नोंदवील. उलट वैशाखाच्या उन्हात राबून अंगातले पाणी आटलेल्या म्हातारीच्या ठायी ते नसलेली चरबी दाखवील. अशा आकड्यांच्या आधारे अर्धपोटी माणसाला आहारनियमनाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

निदानासाठी हे यंत्र मान्य करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटानेच २०१९ साली प्राथमिक तपासणीसाठी साधा मार्ग सांगितला आहे. पोटरीचा घेर पुरुषात ३४ व स्त्रीत ३३ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ती धोक्याची खूण. खुर्चीवरून पाच वेळा उठबस करण्यास १२ सेकंद वा अधिक लागले, तर तीही. एक मोजपट्टी आणि एक खुर्ची! गावातील आशा कार्यकर्तीला हे काम सहज जमेल.

परंतु झीज मोजल्याने झीज थांबत नाही. त्यासाठी प्रथिने हवीत. वृद्धांना दररोज किलोमागे किमान १ ग्रॅम प्रथिन मिळावे, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीला ५० ग्रॅम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्य दिले. त्यातून दिवसाला जेमतेम पंधरा-अठरा ग्रॅम प्रथिन मिळते. कायद्याच्या हमीत डाळ नाहीच. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ पासून महिना १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. त्यात भाडे, औषध आणि अन्न! केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील वृद्धासाठी २०० रुपयांवर गोठलेला आहे; तो २००६ पासून तसूभरही हललेला नाही.

आणि हा जिल्हा तुरीचा, हरभऱ्याचा, सोयाबीनचा. ज्या हातांनी आयुष्यभर तूर निंदली, त्या हातांची पकड म्हातारपणी डाळीवाचून सुटते. सोयाबीनची पेंड मात्र कोंबड्यांच्या खाद्याला जाते. हा निसर्गाचा कोप नव्हे, वाटपाचा अन्याय आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव मोजपट्टी घेऊन जावे, पोटऱ्या मोजाव्यात, नोंदी ठेवाव्यात आणि त्या ग्रामसभेपुढे मांडाव्यात. वृद्धांच्या शिधापत्रिकेवर डाळ, महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन आणि खारपाणपट्ट्यात गोडे पाणी, या तीन मागण्यांखाली त्या नोंदी जोडाव्यात. वृद्धांनी आपले माप दिले आहे. आता शासनाचे माप घेतले पाहिजे.