आमच्या क्लबचा ‘संमिश्र’ हंगाम

गेल्या महिन्यात आमच्या क्रिकेट क्लबची वार्षिक सभा झाली. आझाद मैदानावरचा तंबू, प्लास्टिकच्या खुर्च्या, वडापाव, कटिंग. सेक्रेटरींनी अहवाल वाचला. पहिलंच वाक्य: क्लबच्या दृष्टीने हा हंगाम संमिश्र ठरला. ए टीम कांगा लीगमध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये गेली, बी टीमने ९ पैकी २ सामने जिंकले, १६ वर्षांखालच्या मुलांनी ‘चांगली लढत दिली’ आणि मुलींचा संघ ‘बांधणीच्या टप्प्यात’ आहे. टाळ्या. पुढचा विषय, हिशेबांना मंजुरी.

मी बी टीममध्ये खेळतो. मध्यमगती गोलंदाज आहे, म्हणजे मंदगती म्हणायची लाज वाटते म्हणून मध्यमगती. आठवडाभर ऐरोलीत कोड लिहितो आणि रविवारी किटबॅग घेऊन पहाटेच्या लोकलमध्ये लोकांच्या शिव्या खातो. तेव्हा ही हरलेल्या टीममधल्या माणसाची कुरकुर आहे असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. कुरकुर आहेच. पण माझा राग २ सामने जिंकल्याचा नाही, ‘संमिश्र’ या शब्दाचा आहे.

ऑफिसात आमच्यासमोर एक मोठा स्क्रीन असतो. सर्व्हर सरासरी किती वेळात उत्तर देतो हे त्यावर दिसतं. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना पान झटकन उघडतं, पाच जण ताटकळत बसतात, तरी सरासरी छान हिरवीगार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या सीनियरने सांगितलं होतं की सरासरीकडे बघू नकोस, सगळ्यात जास्त कोण ताटकळतंय ते बघ. आमच्या अहवालात नेमकं तेच कुणी बघत नाही. चार टीम, चार निकाल, त्यांची बेरीज करून भागिले चार. जणू एकीवर ऊन पडलं, दुसरीवर पाऊस, त्याला कोण काय करणार!

पण हे चार निकाल वेगवेगळे नाहीत. ए टीम वर गेली आणि बी टीम गाळात गेली ही एकच घटना आहे. ए टीममध्ये कुणी जायबंदी झालं की शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्यातला एक उचलला जातो. याबद्दल तक्रार नाही, बी टीम त्यासाठीच असते. तक्रार अशी की तरीही ए टीममध्ये ४ पाहुणे खेळाडू आहेत, ज्यांना ‘प्रवासखर्च’ मिळतो आणि ज्यांना आम्ही नेट्समध्ये कधीच पाहिलेलं नाही. नवे चेंडू ए टीमला. त्यांनी ४० षटकं बडवलेले चेंडू आम्हाला. आम्ही त्यांची शिवण उसवेपर्यंत वापरले की ते मुलींच्या सरावाला. स्विंग कसा करायचा ते त्या मुलींनी यूट्यूबवर बघायचं.

आणि हे सगळं चालतं कुणाच्या पैशावर? हिशेबाच्या कागदावर जमेच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम प्रशिक्षण शिबिरांच्या फीची आहे. म्हणजे सुट्टीत विरार-कल्याणहून पोरांना घेऊन येणारे, झाडाखाली डबा धरून बसणारे आईबाप. खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम ‘सामना खर्च’. मी उठून विचारलं, कुठल्या टीमचा सामना खर्च? सेक्रेटरी म्हणाले, “हा क्लबचा खर्च आहे, टीमचा नाही.” यश टीमवार मोजायचं आणि पैसा मात्र एकत्र, असा हा हिशेब.

आता माझाही एक हिशेब सांगतो, नाहीतर हे फारच सोज्वळ होईल. डिसेंबरातल्या एका रविवारी ए टीमचा सामना क्रॉस मैदानावर होता, आमचा आझादवर. आदल्या रात्री आमच्यातले तिघे वर घेतले. त्यात मी होतो. मला काय आनंद झाला होता! सकाळी तंबूत किट घ्यायला गेलो तर बी टीमचे आठच जण उभे. मुलींच्या संघाची विकेटकीपर त्या दिवशी स्कोअरिंगला आली होती. ती म्हणाली, “मी खेळते ना, किट आहे माझ्याकडे.” आमचा कॅप्टन हसला. कमिटीतले एक काका म्हणाले, “अगं, लागेल चेंडू.” ही मुलगी रोज आमच्या फास्ट बोलर्सना स्टंपांच्या मागे उभी राहून झेलते, हे त्या काकांनाही ठाऊक होतं. आठ जणांनी खेळायचं की नाही यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि वॉकओव्हर देऊन टाकला. मी काही बोललो नाही. बॅग उचलली आणि क्रॉस मैदानाकडे चालू लागलो. तिथे दिवसभर पाण्याच्या बाटल्या नेल्या. बारावा खेळाडू होतो.

तो वॉकओव्हर अहवालात ‘पराभव’ म्हणून आलाय.

सभेत मला जे उत्तर मिळालं ते अगदीच टाकाऊ नाही, म्हणून मांडतो. ए टीम हा क्लबचा चेहरा आहे. ती खाली घसरली तर चांगली पोरं दुसऱ्या क्लबात जातात, पोरं गेली की शिबिरं ओस पडतात, शिबिरं गेली की तुमची बी टीमही गेली. हे खरं आहे. पण मग त्या चेहऱ्याला आमच्या शिबिरातलं एखादं तरी पोर दिसायला हवं. यंदाच्या ए टीममध्ये शिबिरातून वर आलेला एकही जण नाही. १६ वर्षांखालचा आमचा सगळ्यात बरा डावखुरा स्पिनर दिवाळीनंतर यायचा बंद झाला. क्लास लागला, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. असेलही. पण त्याच्यापुढे पायरीच नव्हती. बी टीमचे सामने होतील की नाही याची खात्री नाही आणि ए टीममध्ये पाहुणे बसलेले.

मुंबईच्या क्रिकेटचा अभिमान सांगताना आपण ४२ रणजी करंडक मोजतो. ते कुठून आले? १९४८ पासून चालत आलेली, डॉ. होरमसजी कांगांच्या नावाची ही लीग ए पासून जी पर्यंतच्या डिव्हिजनमध्ये, ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली गेली. तिथे कसोटीपटूच्या समोर बँकेतला कारकून गोलंदाजी करायचा आणि कॉलेजातलं पोर चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या, पण टप्पा न चुकणाऱ्या माणसाकडून शहाणपण शिकायचं. ज्याला आपण कौतुकाने खडूसपणा म्हणतो तो असल्या बेमेळ संगतीत तयार झाला. आझाद मैदानावरच्या २२ खेळपट्ट्यांवर एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. तिथे कुणालाच एकट्याने मोठं होता येत नाही, जागाच नाही. पोट सुटलेल्या त्या माणसांची टीम म्हणजे बी टीम. तिला हौशी म्हणून बाजूला सारणारे स्वतःच्याच वाडवडिलांना बाजूला सारतायत.

आणि मुली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या क्लबच्या ग्रुपवर तिरंग्यांचा नुसता पूर आला. तंबूवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, त्यावर कमिटीतल्या सात जणांचे फोटो. त्याच महिन्यात मुलींची नेट्सची वेळ संध्याकाळवरून भर दुपारी दोनला गेली, कारण संध्याकाळी ए टीमला सराव हवा होता. तंबूत कपडे बदलायला आडोसा एकच आहे आणि त्याची कडी कित्येक महिने तुटलेली आहे. फ्लेक्सला जेवढे पैसे गेले त्यात किती कड्या आल्या असत्या, हे गणित करायला इंजिनियर लागत नाही. ‘बांधणीचा टप्पा’ म्हणे!

हिशेब मंजूर झाले. विरोधात चार हात होते. विशेष सभा बोलवावी म्हणून आता मी अर्ज केलाय. मागण्या साध्या आहेत: टीमवार खर्च छापा, रविवारी बी टीममधून दोनपेक्षा जास्त जण उचलू नका, अकरा भरत नसतील आणि स्पर्धेचा नियम आड येत नसेल तर मुलींमधून खेळाडू घ्या, त्यांची संध्याकाळची वेळ परत द्या. अर्जावर १० सभासदांच्या सह्या लागतात. आजवर ७ झाल्यात. पाच बी टीमच्या, एक त्या डावखुऱ्या पोराच्या वडिलांची आणि एक, मला अपेक्षा नसताना, ए टीमच्या ओपनरची. मुलींपैकी कुणाचीच नाही. विकेटकीपरकडे कागद घेऊन गेलो तेव्हा कळलं की क्लबच्या दप्तरात त्या सगळ्याजणी अजून ‘शिबिरार्थी’ आहेत. चार वर्षं झाली, सभासद कुणी केलंच नाही.