काय जळते आहे, हे जवानाला कोण सांगणार?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान ठार झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. पण धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल झेंडा जहाजावर नव्हता. जवान धैर्यात कमी पडले नाहीत. कमतरता माहितीची होती.

ती आज भरून निघाली आहे का? डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. दोन्ही वेळा माणसे मेली, आसपासच्या वस्तीतल्या घरांच्या काचा फुटल्या. अशा ठिकाणी सर्वांत आधी पोहोचतो तो जवळच्या स्टेशनचा बंब. पण रसायनांच्या आगीत पाणी हा प्रत्येक वेळी उपाय नसतो. सोडियमवर पाणी पडले की हायड्रोजन तयार होऊन भडका उडतो. कॅल्शियम कार्बाइडमधून पाण्यामुळे ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निघतो. क्लोरीनच्या गळणाऱ्या सिलिंडरवर थेट पाणी मारले तर आम्ल तयार होऊन छिद्र मोठे होते. जवानाचा नेहमीचा फायर सूट उष्णता अडवतो, विषारी वायू अडवत नाही.

म्हणून या कामाचे प्रशिक्षण पायरीपायरीने द्यावे लागते. अमेरिकेत कायद्यानेच त्या पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या जवानाने धोका ओळखायचा आणि कळवायचे. दुसऱ्या पायरीवरच्याने सुरक्षित अंतरावरून फैलाव रोखायचा; त्यासाठी किमान ८ तासांचे प्रशिक्षण. प्रत्यक्ष गळती बंद करणाऱ्याला किमान २४ तासांचे. शिवाय दरवर्षी उजळणी. ज्याचे प्रशिक्षण नाही, त्याला पुढे पाठवायचे नाही, हा त्यामागचा साधा नियम.

आपल्याकडे १९५६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूरला आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक दुर्घटनांबाबत २००७ मध्ये आणि अग्निशमन दलांची साधने व प्रशिक्षण यांबाबत २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचे काम आहे. त्यामुळे जवानाला रासायनिक सूट मिळणार की नाही, हे पालिकेच्या तिजोरीवर ठरते. रसायन मात्र पालिकेची हद्द पाहून गळत नाही.

मागण्या तीन आहेत. राज्य सरकारने प्रशिक्षणाच्या पायऱ्या आणि तास नियमांत बांधून द्यावेत. कोणत्या कारखान्यात कोणते रसायन किती आहे, याची ताजी यादी जवळच्या स्टेशनवर असावी. आणि औद्योगिक पट्ट्यातल्या स्टेशनांचा खर्च एकट्या पालिकेवर न टाकता धोका निर्माण करणाऱ्या उद्योगांनीही उचलावा.

यात आपलेही काम आहे. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार औद्योगिक पट्ट्यांत स्थानिक आपत्ती गट असायला हवा. त्यात अग्निशमन अधिकाऱ्यासोबत डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्तेही असतात. दर सहा महिन्यांनी पूर्ण सराव घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपल्या भागात हा गट आहे का, शेवटचा सराव कधी झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कारखान्याच्या भिंतीला लागून बहुधा कामगारांच्याच वस्त्या असतात. तिथल्या माणसांनी विचारल्याशिवाय हे कागद बाहेर येणार नाहीत. हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहणे योग्यच आहे, पण नव्या जवानाचे नाव त्या यादीत जाऊ नये, यासाठी सरकारला जाब विचारणे जास्त गरजेचे आहे.