ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं नसतं

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडं गरोदर बाई आठवते, फार तर मुतखडा. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही ती लागू शकते, हे फारसं कुणाच्या डोक्यात नसतं. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. विषय बायकांचा आहे म्हणून पुरुषांनी पुढं सरकू नका. दवाखान्यात कधी जायचं, हे बऱ्याच घरांत अजून आपणच ठरवतो.

पूर्वी कॅन्सर निघाला की अख्खा स्तन काढायचे. आता गाठ लवकर सापडली तर अनेकींची फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढतात, नंतर शेक देतात. अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. स्तन वाचवला काय अन् काढला काय, जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पण अमेरिकेतल्या अभ्यासात शेक घेतलेल्या १४.३ टक्के बायकांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. शेक न घेतलेल्यांत हा आकडा ३९.२ टक्के होता. आजच्या औषधांमुळं धोका कमी झालाय, संपलेला नाही. स्तन वाचवला की त्यावर पुढची अनेक वर्षं नजर ठेवावीच लागते.

ही नजर म्हणजे मुख्यतः दरवर्षीची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची हातानं तपासणी. अडचण अशी की ऑपरेशनचा व्रण आणि शेकामुळं आतला भाग घट्ट होतो. फोटोत व्रण कुठला आणि नवी गाठ कुठली, हे कधी कधी कळत नाही. तरुण बाईचा स्तन मुळातच दाट असतो. तिथं सोनोग्राफी कामाला येते. पाणी साचलंय की भरीव गाठ आहे, तिला रक्तपुरवठा आहे का, काखेत काही आहे का, हे बघता येतं. शंका आली तर त्यातच बघून सुईनं तुकडाही काढता येतो.

म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर भागत नाही. मॅमोग्राफीत दिसणारे चुन्याचे बारीक कण सोनोग्राफीत अनेकदा सुटतात. उलट कधी साधा व्रणच संशयास्पद दिसतो आणि विनाकारण सुई टोचावी लागते. "नगरला कशाला, इथंच सोनोग्राफी करून घेऊ" ही काटकसर महागात पडू शकते. कुठली तपासणी कधी करायची, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या सोयीनं नाही.

पण सोयीचा प्रश्न खोटा नाही. ऑपरेशनला फुले योजना आहे. वर्षाच्या तपासणीला जाताना मात्र गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीच्या माणसाचा खाडा घरालाच सोसावा लागतो. पुण्याला जायचं तर शिरूर, शिक्रापूर, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये दिवस जातो. पहिलं वर्ष जाणं होतं. पुढं "आता बरी आहे की ती" म्हणून फाईल कपाटावर जाते.

मशीनच गावात आणा म्हणावं, तर गर्भलिंगनिदान कायद्यानं सोनोग्राफी मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. ती योग्यच आहेत, आपल्या जिल्ह्यानं मुलींचं घटतं प्रमाण बघितलंय. पण हा कायदा स्तनाची सोनोग्राफी अडवत नाही. मशीन बाईपर्यंत येत नसेल तर बाईला मशीनपर्यंत नेऊ.

सुप्यात एमआयडीसी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. कमानी आणि बाकडी खूप झाली. पारनेर तालुक्यातल्या अशा बायकांसाठी महिन्यातून एक गाडी ठेवा. मॅमोग्राफी, गरज पडली तर सोनोग्राफी आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होऊ द्या. बाईची परवानगी घेऊन आशाताईंनी तारखेची आठवण करून द्यावी. गावभर बोभाटा नको. ग्रामपंचायतीनं ठराव करून कंपन्यांकडं मागणी केली तर नाही म्हणायला त्यांनाही जड जाईल.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. घरात, भावकीत अशी कुणी असेल तर आज तिला विचारा, "ताई, शेवटची तपासणी कधी झाली?" वर्ष उलटलं असेल तर जुने फोटो आणि रिपोर्ट काढा, पिशवीत घाला आणि सोबत जा. व्रणाजवळ नवी गाठ, कातडी ओढल्यासारखी, काखेत सूज असं काही असेल तर तारखेची वाटच बघू नका.

पटलं तर पुढं पाठवा. ग्रामपंचायत सदस्यांना आवर्जून पाठवा.