परतीच्या वाटेवरचा माणूस

कबड्डीच्या सामन्याचा वृत्तान्त लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. अमुकच्या झंझावाती चढाया, तमुकच्या कोपऱ्यातल्या सुरेख पकडी, आणि शेवटी ‘इतरांनी मोलाची साथ दिली’. या ‘इतरां’मध्ये बचावफळीच्या मधोमध उभे राहणारे दोघे-तिघे बहुतेक वेळा असतात. वृत्तपत्रे त्यांना मध्यरक्षक म्हणतात, मैदानावर त्यांना ‘कवर’ म्हणतात. माझे म्हणणे असे, की चांगल्या चढाईपटूचा खेळ खऱ्या अर्थाने बिघडवतात ते हेच; आणि आपली गुण मोजण्याची पद्धत नेमके त्यांनाच दिसेनासे करते.

म्हणणे पटवायचे तर आधी थोडे अंतरांकडे पाहावे लागेल. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापलीकडे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूने ३० सेकंदांच्या दमात निदानरेषा तरी ओलांडायची, नाहीतर कोणाला तरी स्पर्श करून परत यायचे. आता कोपरारक्षकाने निदानरेषेजवळ त्याचा घोटा धरला असे समजू. पकड पक्की आहे, प्रेक्षक उभे राहिले आहेत. पण चढाईपटू काय करतो? तो पुढे, मध्यरेषेच्या दिशेने झेपावतो. पावणेसहा फूट उंचीचा माणूस हात लांबवून पडला की त्याचे बोट घोट्यापासून साधारण सव्वादोन मीटरवर पोहोचते. उरले दीड मीटर. कोपरारक्षकाला ओढत हे दीड मीटर सरकणे ताकदवान गड्याला अशक्य नसते. त्या दीड मीटरमध्ये जो माणूस आडवा येतो तो मध्यरक्षक. घोटा कोपऱ्याने धरला हे खरे, पण परतीची वाट बंद केली ती दुसऱ्याने.

एवढ्यावरच थांबले तर मध्यरक्षक हा कोपरारक्षकाचा मदतनीस ठरेल. माझा दावा त्यापुढचा आहे. मध्यरक्षक आडवा येण्याआधीच, तो आडवा येऊ शकतो एवढ्या जाणिवेनेच चढाईपटूचा खेळ आखडतो. कोपऱ्याकडून येणारा धोका त्याला डोळ्याच्या कडेने दिसत असतो, त्याचा अंदाज बांधता येतो, आणि तो आला तरी पुढे पळायला जागा असते. मधला माणूस मात्र समोरून, त्याच पळायच्या जागेतून येतो. मग चढाईपटू खोल जायचा थांबतो. पाय निदानरेषेला लावून हात झाडत परततो. फलकावर काहीच उमटत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वेशात भेटतो, आणि तिथल्या जाणकारांनी त्यावर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक डोके चालवले आहे. त्या खेळात क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू हाती आला की तो काही पावले मागे जातो, आणि त्याचे पाच धिप्पाड सहकारी पुढे भिंत उभी करून त्याच्याभोवती जागा राखतात. त्या जागेला तिथे ‘खिसा’ म्हणतात. प्रतिस्पर्धी बचावपटू दोन वाटांनी येतात. कडेचे चपळ गडी वळसा घालून पाठीमागून येतात. टाळ्या आणि मोठी बिदागी बहुधा त्यांच्या वाट्याला. पण वळसा लांबचा असतो. अनुभवी क्वार्टरबॅक फक्त एक पाऊल पुढे सरकतो, कडेचा गडी मागून निघून जातो, आणि चेंडू शांतपणे फेकला जातो. भिंतीच्या मधल्या भागाला भगदाड पाडून कोणी समोरून आला, तर मात्र हे एक पाऊल टाकायला जागाच उरत नाही. फेकणारा मागच्या पायावर रेलतो, चेंडू उंच जातो किंवा आखूड पडतो, वर उठलेले हात तो वाटेतच अडवतात. त्याहून वाईट म्हणजे नजर दूरच्या सहकाऱ्यावरून उतरून समोरच्या संकटावर येते.

२००८ सालच्या फेब्रुवारीतला सुपर बोल घ्या. न्यू इंग्लंडचा संघ त्या मोसमात एकही सामना न हरता अंतिम फेरीत आला होता; टॉम ब्रेडीने नियमित मोसमात ५० वेळा सहकाऱ्याला गुणरेषेपार चेंडू पोहोचवला होता. न्यूयॉर्क जायंट्सने जस्टिन टक या मूळच्या कडेच्या खेळाडूला मध्ये आणून उभे केले. ब्रेडी पाच वेळा चेंडू हातात असतानाच लोळवला गेला आणि न्यू इंग्लंड १७-१४ असे हरले. २०२२ मध्ये सिनसिनाटीची शेवटची आशा ॲरन डोनल्ड या मधल्या खेळाडूने जो बरोला गरकन फिरवून संपवली. दोन्ही सामन्यांतले सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक मात्र आक्रमणातल्या माणसालाच मिळाले: पहिल्यात एली मॅनिंगला, दुसऱ्यात कूपर कपला. म्हणजे श्रेयाच्या बाबतीत तेही फारसे आपल्यापुढे नाहीत.

आता घरी परतू. २०१५ साली यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून प्रो कबड्डी लीग जिंकली, तेव्हा त्यांच्या बचावाचे सगळीकडे कौतुक झाले. कोपऱ्यांत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि आपला विशाल माने. चौघांचे एकमेकांशी जे जुळले होते त्याला तोड नव्हती. पण लोकांच्या तोंडी कोपऱ्यांची जोडी अधिक राहिली, आणि पुढच्याच वर्षी लिलावात मोहित छिल्लर ५३ लाखांना त्या मोसमातला सर्वांत महागडा खेळाडू ठरला. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्याने पैसे वसूल करून दिले यात शंका नाही. त्या मोसमात ९९ पकडगुण मिळवून तो बचावपटूंत पहिला आला आणि मार्च २०२४ मध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रथमच चषक उचलला. शादलूच्या घोटापकडी मीही पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पण त्या पाहताना नजर मुद्दाम शादलूवरून काढून संकेत सावंत आणि अभिनेष नादराजन यांच्याकडे वळवावी. चढाईपटू डावीकडे, शादलूच्या तोंडी का गेला, याचे उत्तर पुष्कळदा तिथे सापडते. मधली वाट त्याला मिळालीच नव्हती.

व्यावसायिक लीगच्या नियमांत एक गंमत आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाहीतर चढाईपटू बाद. या ‘करो या मरो’च्या चढाईत चढाईपटूला नको तेवढे खोल शिरावे लागते, आणि कोपऱ्यातल्या पकडी साधण्याची ती नामी वेळ असते. पण तिसरी चढाई आली कशी? आधीच्या दोन चढाया कोणीतरी रिकाम्या घालवल्या म्हणून. मधल्या दोघांनी एकही पकड न करता, केवळ अर्धे पाऊल पुढे उभे राहून, दोनदा चढाईपटूला उंबऱ्यावरून परत पाठवलेले असते. त्या श्रमाचे व्याज तिसऱ्या चढाईत मिळते आणि दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. मला ही हिशेबाची पद्धतच सदोष वाटते.

कबड्डीचा विषय निघाला की कोणीतरी अभिमन्यू आणि चक्रव्यूह काढतोच. खेळाचा उगम तिथे शोधणे मला भाबडेपणाचे वाटते, पण त्या कथेतला एक तपशील इथे कामाचा आहे. अभिमन्यूला घेरून मारणारे महारथी अनेक होते. अर्जुनाने सूर्यास्ताआधी वधाची प्रतिज्ञा केली ती मात्र जयद्रथाच्या. ज्याने अभिमन्यूला पकडले नव्हते, तर मागून येणाऱ्या पांडवांची वाट अडवून धरली होती. व्यासांचा गुणफलक आपल्यापेक्षा बराच सूक्ष्म म्हणायचा. असो.

या मताविरुद्ध एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि तो प्रशिक्षकांचा आहे. ते सांगतात की मधून पुढे सरसावणे हेच बचावातले सर्वांत महागडे पाप. कोपरारक्षक चुकला तर बहुधा एकटा जातो. मध्यरक्षक अवेळी तुटून पडला तर साखळीतला जोडीदार जातो, आधार द्यायला धावलेले दोघे जातात, आणि एका दमात तीन-चार गुण निघून जातात. २०२४ च्या त्याच अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण घेतले आणि सामना पलटणकडे झुकला. प्रदीप नरवालची डुबकी तर मधल्या साखळीच्या खालून निसटण्यासाठीच प्रसिद्ध झाली. तिच्या जोरावर पाटणा पायरेट्सने ओळीने तीन विजेतेपदे मिळवली. अमेरिकेतही हीच तक्रार ऐकू येते: मधला गडी आपली वाट सोडून भलतीकडे घुसला, तर त्याने सोडलेल्या फटीतून क्वार्टरबॅक स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटतो.

आक्षेप खरा आहे. पण तो मधल्या दबावाविरुद्ध नसून उतावळेपणाविरुद्ध आहे. मी ज्याचे गुण गातो आहे तो तुटून पडणारा मध्यरक्षक नव्हे. तो अंतर राखणारा आहे: चढाईपटूच्या हाताच्या टप्प्याबाहेर, पण एका झेपेत कमरेपर्यंत पोहोचेल इतका जवळ. हे अंतर साधारण एक-दीड पावलाच्या फरकाचे, आणि चढाईपटूच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते नव्याने साधावे लागते. या कौशल्याला आपल्याकडे नावसुद्धा नाही, आणि नाव नसलेली गोष्ट शिकवणे फार कठीण.

आमच्या नाशिकला हा प्रश्न आता केवळ चर्चेचा राहिलेला नाही. नाशिकचा आकाश शिंदे पुणेरी पलटणकडून खेळला, आणि २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही होता. त्याच्यामुळे इथल्या मुलांच्या मनात कबड्डीला चेहरा मिळाला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तो चेहरा चढाईपटूचा आहे. बचावाकडे वळणारा मुलगा मोबाइलवर पाहतो त्या घोटापकडी, आणि प्रशिक्षकाला कोपरा मागतो. मधल्या जागा उरतात त्यांच्या वाट्याला, ज्यांना ना चढाई जमते ना कोपरा.

मातीवरून मॅटवर येताना ही उणीव अधिक जाणवते. बूट घातलेला चढाईपटू मॅटवर झटक्यात दिशा बदलतो आणि झटक्यातच परत फिरतो. मातीत पाय रोवून त्याला थोपवण्याची जी उसंत मिळत असे ती मिळत नाही. घोटा हाती लागेपर्यंत तो निघून गेलेला असतो. अशा वेळी वाटेत आधीच उभा असलेला माणूस लागतो, मागून धरणारा पुरत नाही.

मग करायचे काय? गुणांचे नियम बदलावेत असे मी म्हणणार नाही; न घडलेल्या गोष्टीला गुण देणारा खेळ जगात नाही, आणि नसावाही. पण नोंद ठेवायला कोणाची बंदी आहे? २०२१ च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बेच्या बचावाने पॅट्रिक महोम्सला तीनदाच लोळवले. अधिकृत तक्त्यात दिसते ते एवढेच. पण चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून मोजणाऱ्यांनी त्याच्यावर दबाव आल्याचे प्रसंग २९ भरल्याचे सांगितले. कॅन्सस सिटीला त्या सामन्यात एकदाही गुणरेषा ओलांडता आली नाही, सगळे मिळून अवघे ९ गुण. तीन या आकड्याने या पराभवाचा उलगडा होत नाही. २९ ने होतो.

जिल्हा पातळीवरच्या एखाद्या संघाने आपल्यापुरते हे करून पाहावे. राखीव खेळाडू बाकावर बसलेले असतातच. त्यांच्यापैकी एकाच्या हाती वही द्यावी. प्रत्येक रिकाम्या चढाईपुढे एकच गोष्ट लिहायची: चढाईपटू कोणासमोरून परत फिरला. दोन मुलांच्या नोंदी जुळणार नाहीत, भांडणे होतील. कोणी म्हणेल तो दमला होता म्हणून परतला, कोणी म्हणेल कोपऱ्याला घाबरला. ती भांडणे मला हवीच आहेत. ‘इतर’ म्हणून ज्यांची बोळवण होते त्यांच्या पायांकडे निदान त्या निमित्ताने कोणी टक लावून पाहील, आणि पुढच्या मोसमात संघ निवडताना ती वही कोणाच्या तरी हाताशी असेल.